ते पुस्तक इंग्रजीत कुणी आणलं

नोकरीतून निवृत्त झाल्यावर इथे इंग्लंडमध्ये लोक बागेकडे वळतात. माझ्या हाताला बागेत यश नाही. मी लावलेला पुदिनासुद्धा वाळला, आणि पुदिना वाळवायला खास कर्तृत्व लागतं. म्हणून मी वॉटफर्डजवळच्या आमच्या गावातल्या इतिहास मंडळात नाव घातलं. मंडळ म्हणजे दहा-बारा निवृत्त माणसं. महिन्यातून एकदा लायब्ररीच्या मागच्या खोलीत जमायचं, चहा-बिस्किटं घ्यायची आणि चर्चचा मनोरा आधी बांधला की पब आधी बांधला यावर तावातावाने भांडायचं. मला तिथे माझी एक मैत्रीण घेऊन गेली. ती आयरिश, आमच्याच हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर होती, रविवारचं चर्च न चुकवणारी कॅथलिक आणि तोंडाने माझ्यापेक्षाही फटकळ. एवढ्या जमेच्या बाजू असलेलं माणूस मला या देशात दुसरं भेटलेलं नाही.

गावाबाहेर एक मोठं जुनं घर आहे. आता ते लग्नाकार्यांसाठी देतात. आपल्यातल्याही काही मुलींची लग्नं तिथल्या हिरवळीवर लागली आहेत, नवरदेवाच्या घोड्यासकट. चारशे वर्षांपूर्वी त्या घरात एक कॅथलिक कुटुंब राहत होतं. त्या काळी इंग्लंडचा राजा प्रॉटेस्टंट, त्यामुळे कॅथलिक राहणं म्हणजे राजाशी वैर. त्यांचे पाद्री वेश बदलून घरोघर लपत फिरायचे आणि सापडले तर फासावर जायचे. प्रार्थनेची पुस्तकं फ्रान्समध्ये छापून घ्यायची आणि कापडाच्या गठ्ठ्यांत नाहीतर पिंपांत दडवून चोरून आणायची. असंच एक पुस्तक या घरात तयार झालं होतं. मूळ फ्रेंच. घरात राहून प्रार्थना कशी करावी, उपास कसा करावा, आजाऱ्याची सेवा कशी करावी, मरणाला सामोरं कसं जावं, असं साध्या संसारी माणसांसाठी लिहिलेलं. ते या घरातल्या कुणीतरी इंग्रजीत आणलं. अनुवाद करणाऱ्याने अर्थातच नाव घातलं नव्हतं. नाव घालणं म्हणजे शिपायांना स्वतःहून घराचा पत्ता देणं.

पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं की अनुवाद घराच्या मालकाने केला. तो शिकलेला होता, धर्मापायी तुरुंगात गेला होता, मग दुसरं कोण असणार? फार पूर्वी इथल्या एका पाद्रीबुवांनी गावाच्या इतिहासात तसं लिहून ठेवलं आणि तेव्हापासून प्रत्येक जण आधीच्याचं बघून उतरवत आला. आता मंडळ त्या घराच्या फाटकाशी एक बोर्ड लावणार होतं. त्यावर मालकाचं नाव, खाली ‘विद्वान अनुवादक’ आणि त्याखाली पुस्तकातलं एखादं छानसं वाक्य. ते वाक्य निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला थोडंफार फ्रेंच येतं. मुलगी शाळेत फ्रेंच शिकायला लागली तेव्हा तिचा अभ्यास घेता यावा म्हणून मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. तिने पुढे ते सोडलं, मी सोडलं नाही.

मूळ फ्रेंच पुस्तक आणि हा इंग्रजी अनुवाद, दोन्ही स्कॅन होऊन इंटरनेटवर आलेली आहेत. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि आयपॅड शेजारी शेजारी ठेवून मी वाचायला बसले. जुनी स्पेलिंगं, विचित्र अक्षरं. सुरुवातीला डोकं भणभणलं, मग हळूहळू नजर बसली. उपासाच्या प्रकरणाशी आले आणि थबकले. फ्रेंच लेखक एवढंच म्हणतो की उपासाच्या दिवशी घरच्या बाईने जिभेवर ताबा ठेवावा. इंग्रजीत मात्र पुढे काही ओळी जास्तीच्या आहेत. ज्या बाईला उपास असताना पोरांसाठी, आजाऱ्यांसाठी रांधावं लागतं तिने चमचा ओठाला लावू नये, मीठ हाताच्या अंदाजाने घालावं, आणि खारट झालं म्हणून कुणी बोललंच तर ते बोलणं हाही उपासाचाच भाग समजून ऐकून घ्यावं.

मी एकटीच मोठ्याने हसले. नागपूरला आमच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक कुणी चाखून बघायचं नाही. आईचा हात पातेल्यावर जरा थांबायचा, मग मीठ पडायचं. कमी-जास्त झालं की बाबांचा चेहरा सांगायचा. या ओळी ज्याने लिहिल्या ते माणूस चुलीपुढे उभं राहिलेलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. जमीनदार साहेब उपाशीपोटी मिठाचा अंदाज घेत उभे आहेत, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

इथे माझा स्वभाव आड आला असं माझी मुलगी म्हणते. येऊ दे. मी पॅथॉलॉजिस्ट होते. शरीरातून काढलेला तुकडा काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि कॅन्सर आहे की नाही ते सांगायचं, हे माझं काम. भारतातून आलेल्या आमच्यासारख्या कित्येकांना इथे वर्षानुवर्षं वरचं पद मिळालं नाही. काच मी बघायची, रिपोर्ट मी लिहायचा आणि खाली सही साहेबांची. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. नाताळला आठवणीने चॉकलेट द्यायचे. पण एखाद्या सर्जनने फोन करून ‘काय सुरेख रिपोर्ट लिहिलात’ असं त्यांना म्हटलं की ते माझ्यासमोर बसून ‘थँक यू’ म्हणायचे. मला तेव्हा राग यायचा आणि मी तो गिळायची. आता एका बाईचं काम तिच्या घरातल्या पुरुषाच्या नावाने चांगल्या पितळी बोर्डावर चढणार, हे दिसल्यावर माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, हा बोर्ड असा लागू द्यायचा नाही. तिचं नाव शोधायचं आणि ते त्यावर आणायचं.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. मिठाच्या ओळी वाचून दाखवल्या आणि म्हटलं की हे बाईनेच लिहिलंय, कारण देवाला दाखवायचं अन्न आधी चाखायचं नसतं आणि त्याची पंचाईत फक्त रांधणारीलाच कळते.

आमचे अध्यक्ष निवृत्त वकील. अतिशय सभ्य गृहस्थ. माणसाला गप्प बसवतात तेही खुर्ची पुढे करून. ते म्हणाले, “डॉक्टर, फार रंजक आहे हे. पण कॅथलिक लोक देवाला जेवण दाखवत नाहीत. ती प्रथा तुमच्याकडची. आणि अशा घरांत स्वयंपाकी असायचे.”

दोन-तीन जण हसले. कुणी वाईट हेतूने हसलं नाही, पण माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. बोर्डाचा मजकूर उन्हाळ्यात कारागिराकडे जाईल, तोवर काही ठोस पुरावा मिळाला तर जरूर आणा, असं म्हणून अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले.

“तू गाढव आहेस,” मैत्रीण गाडीत बसल्या बसल्या म्हणाली. “ती देवासाठी नाही थांबली. तिला स्वतःला उपास होता. चाखलं असतं तर उपास मोडला असता, एवढंच. माझी आजी अगदी तेच करायची.”

तिचं बरोबर होतं. ओळीत उपास हा शब्द स्पष्ट होता आणि मी नैवेद्य वाचला होता. तिच्या स्वयंपाकघरात मी आमचं देवघर नेऊन मांडलं होतं. मग मैत्रिणीने मला त्यांचे उपास नीट समजावले. मांस नाही, पण मासे चालतात.

“उपासाला मासे?” मी जवळजवळ ओरडलेच.

“मग तुम्ही काय खाता?”

“साबुदाण्याची खिचडी. बटाटा. शेंगदाण्याची आमटी, भगर, रताळ्याचा कीस…”

“आणि याला तू उपास म्हणतेस?” ती म्हणाली, आणि सिग्नल हिरवा झाला तरी हसतच बसली. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे निघालो.

त्या रविवारी मी मुलीकडे मिल्टन कीन्सला गेले. मुलगी इथेच जन्मली. तिचं मराठी प्रेमळ आहे, फक्त त्यात लिंगं आपापल्या मर्जीने येतात-जातात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, इट्स जस्ट अ बोर्ड! कोण वाचणार आहे ती? वेडिंगला आलेले लोक तिथे फोटो काढणार आणि जाणार. आणि टू बी फेअर, तो चेअरमन बोलला ते करेक्ट होता ना?”

“माझं कारण चुकलं,” मी म्हटलं. “निदान नाही चुकलं.”

“ओके, मग प्रूव्ह इट,” ती म्हणाली आणि भांडी डिशवॉशरमध्ये लावायला लागली. तिला वाटलं विषय संपला. मला तिने नेमकं काय करायचं ते सांगितलं होतं.

एका पेशीवर बोट ठेवून कॅन्सर म्हणत नाहीत. सगळा तुकडा बघावा लागतो, कडेपासून कडेपर्यंत. मी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा घेतलं आणि फ्रेंचला इंग्रजी ओळीला ओळ लावत गेले. जिथे अनुवादात मनाची भर होती किंवा काही गाळलेलं होतं, तेवढंच बघायचं. वसंत ऋतू सगळा त्यात गेला. बाहेर शेजाऱ्यांची ट्युलिपं येऊन गेली, ती मी पाहिली नाहीत.

आणि एकेक जागा जुळत जाऊन ते घर माझ्यापुढे उभं राहायला लागलं. फ्रेंच पुस्तक म्हणतं, सकाळी चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकावेत. इंग्रजी म्हणतं, चादरींच्या कपाटापाशी टेकावेत, कारण तिथे कुणी बाई वाकलेली दिसली तर कुणाला संशय येत नाही. फ्रेंच म्हणतं, भीती वाटली तर सैतानाच्या सैन्याचं स्मरण करून सावध व्हावं. इंग्रजी म्हणतं, परकी माणसं दारं ठोठावत असतील, भिंती वाजवून बघत असतील, तेव्हा हातातली सुई थांबू देऊ नये. फ्रेंचमध्ये मरणाऱ्यासाठी पाद्रीला बोलवा असं आहे. इंग्रजीत आहे, पाद्री येणार नाही, तेव्हा हात धरावा, ओठ ओले करावेत आणि काय काय म्हणावं ते असं. स्वयंपाकी होते की नाही याचंही उत्तर मिळालं. एके ठिकाणी ती म्हणते की आता घरात गडीमाणसं टिकत नाहीत, कारण आपल्याकडे काम करणाऱ्यालाही त्रास देतात, म्हणून घरच्या बायकांनी कामाची लाज बाळगू नये. फ्रेंच लेखकाच्या स्वप्नातही हे नव्हतं.

एका जागी मी लॅपटॉप मिटून उठले. मूळ पुस्तकात एक वाक्य आहे, की आईने मूल गेलं तर रडू नये, देवाने दिलेलं देवाने परत नेलं असं मानावं. एरवी ओळ बदलणाऱ्या, भर घालणाऱ्या, पण सहसा न गाळणाऱ्या त्या अनुवादात ते वाक्य नाही. त्याच्या आधीचं आहे, नंतरचं आहे. तेवढंच तिने आणलं नाही. मला तिची फार माया आली. ती कोण, कशी दिसायची, काही माहीत नसताना आली.

विरुद्ध बाजूचंही लिहायला हवं. पुस्तकात काही लॅटिन वचनं आहेत आणि फ्रेंच लेखकाच्या दोन चुका इंग्रजीत दुरुस्त केलेल्या आहेत. म्हणजे ज्याला लॅटिन पक्कं येतं अशा कुणाचा तरी हात त्यात होता. मैत्रीण म्हणाली, घरात लपलेला पाद्री असेल. असेल, किंवा मालकही असेल. मी तेही माझ्या टिपणात घातलं आणि सगळं अध्यक्षांना ईमेलने पाठवलं. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यांनी प्रत्येक जागा वाचली होती. ‘अत्यंत प्रभावी,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘परंतु हे अनुमान आहे. पत्नीचं दुःख पतीही लिहू शकतो.’

मी दोन दिवस त्यांना मनात शिव्या दिल्या, आणि तिसऱ्या दिवशी मान्य केलं की त्यांच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं.

मग एका सकाळी चहाचे कप विसळताना माझ्या लक्षात आलं, की मी लॅबमधला पहिला नियमच विसरले होते. काच बघायच्या आधी एक विचारायचं असतं, नमुना पूर्ण आलाय का? स्कॅन केलेल्या प्रतीत शीर्षकाचं पान होतं आणि लगेच पहिलं प्रकरण. त्या काळच्या पुस्तकांत सुरुवातीला वाचकांसाठी काही ना काही लिहिलेलं असतं, फ्रेंच पुस्तकातही होतं. इथे काहीच नव्हतं. नव्हतं, की गळालं होतं? आम्ही सगळे, ते पाद्रीबुवासुद्धा, एकाच प्रतीवर बोलत होतो, आणि त्या प्रतीची सुरुवातीची पानं गेलेली असू शकत होती.

दुसरी प्रत शोधायची ठरवली. मोठमोठ्या ग्रंथालयांना लिहिलं. काहींची उत्तरं आली, नाही म्हणून. काहींची आलीच नाहीत, त्यांना मी पुन्हा लिहिलं. माझ्या मैत्रिणीने तिच्या ओळखीच्या सगळ्या नन्सना फोन केले आणि त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना केले. शेवटी ग्रंथालयांनी नाही, नन्सनी शोधून काढलं. क्रॉयडनजवळ एक छोटा मठ आहे, तिथे मोजक्या म्हाताऱ्या नन्स राहतात, आणि त्यांच्या कपाटात त्या पुस्तकाची एक प्रत आहे, या आणि बघा, असा निरोप आला.

क्रॉयडनला मी आयुष्यात फक्त व्हिसाच्या कामासाठी गेले होते, आणि तेव्हा धास्तावूनच. आता तीच गाडी पकडून, पुढे ट्रामने, आम्ही दोघी निघालो तेव्हाही धास्ती होतीच. सुरुवातीची पानं त्या प्रतीतही नसली तर अध्यक्ष जिंकले, आणि ती बाई कायमची मालकाच्या नावाखाली गेली. दार उघडलं ते एका ठेंगण्या, हसऱ्या ननने. तिने आम्हाला आधी सूप प्यायला लावलं. मग टेबलावर एक उशी ठेवली, उशीवर पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, हात धुतलेत ना?

शीर्षकाच्या पानामागे दोन पानं होती.

मी ती वाचली, मग मैत्रिणीने वाचली, मग मी पुन्हा वाचली. त्यात म्हटलं होतं की हे पुस्तक एका बाईने इंग्रजीत आणलं आहे, आपल्या घरातल्या ज्या बायकांना दुसरी कुठली भाषा येत नाही त्यांच्यासाठी. लॅटिनसाठी तिला एका पाहुण्याने मदत केली, आणि तो पाहुणा आता या जगात नाही. तिचं नाव कुणी विचारू नये. घराला धोका म्हणून तर नाहीच, पण धोका टळल्यावरही विचारू नये, कारण काम देवाचं आहे आणि त्यावर तिला आपला हक्क सांगायचा नाही. मात्र एक मागणं आहे. या देशात मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला आता बंदी आहे. तिच्या माघारी तिच्यासाठी कुणी काही म्हणेल असं तिला वाटत नाही. तेव्हा हे पुस्तक जो कुणी वाचेल त्याने ती गेल्यावर एकदा, फक्त एकदा, तिची आठवण देवापुढे काढावी.

मी रडले. म्हाताऱ्या ननने पुस्तक जरा पलीकडे सरकवलं, पानावर पाणी पडू नये म्हणून.

अध्यक्षांना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि सगळ्या बैठकीसमोर म्हणाले, “डॉक्टर, मी चुकलो होतो.” एवढं स्वच्छ बोलणारी माणसं कमी असतात. मालकाचं नाव खोडलं गेलं. मग ते म्हणाले, त्या वेळी घरात तीन बायका होत्या, मालकाची बायको, विधवा बहीण आणि आई. लहानपणी गेलेल्या मुलांची नोंद फक्त बायकोच्या नावावर सापडते. “तुम्हीच दाखवलेलं ते गाळलेलं वाक्य बघता ही बायकोच असणार. तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे. घालूया?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. याच्यासाठीच तर मी भांडत होते. मी हो म्हटलं असतं तर त्या पितळेवर एका बाईचं नाव आलं असतं, आणि ते बहुधा बरोबरही असतं. मला ते हवं होतं, खरंच हवं होतं. पण नोंद नाही म्हणून विधवा बहिणीचं मूल लहानपणी गेलं नसेलच, हे कुणी सांगावं? आणि काचेवर जे नाही ते मी आयुष्यात कधी रिपोर्टात लिहिलं नाही. शिवाय ती स्वतः सांगून गेली होती, विचारू नका. माझं नाव साहेबांनी गाळलं होतं. तिचं तिने स्वतः गाळलं होतं. हा फरक कळायला मला तेवढा वेळ लागला, खोलीतले सगळे माझ्याकडे बघत असताना.

“नाही,” मी म्हटलं. “कुठलंच नाव घालू नका.”

मैत्रीण माझ्यावर चिडली. लग्नघराची मॅनेजर म्हणाली, नाव नसलेला बोर्ड लोकांना आवडत नाही, पाहुणे विचारतात. अध्यक्षांनी दोनदा फोन केला, पुन्हा विचार करा म्हणून. मी हटले नाही. सप्टेंबरमध्ये बोर्ड लागला. त्यावर लिहिलं आहे की या घरातल्या एका स्त्रीने हे पुस्तक इंग्रजीत आणलं, आणि खाली तिचं मागणं, तिच्याच शब्दांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रीण पुढे झाली, बोर्डासमोर उभी राहून तिने पुटपुटत काही म्हटलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे वळली.

“माझं झालं. आता तू.”

“मी कॅथलिक नाही.”

“तिने कुठे कॅथलिक म्हटलंय? जो कुणी वाचेल तो, असं म्हटलंय. माझ्यापेक्षा जास्त वाचलंस तू.”

मी तिथे काही करू शकले नाही. मला काय म्हणायचं तेच कळेना, आणि दुसऱ्याची प्रार्थना तोंडात घेऊन म्हणणं मला खोटं वाटलं. मी घरी आले. तेव्हा पितृपक्ष चालू होता.

सर्वपित्री अमावास्येला मुलगी आली. माझे यजमान गेले तेव्हापासून त्यांचं तर्पण मीच करते. पहिल्या वर्षी गुरुजींनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर जरा कां कूं केलं होतं. मी म्हटलं, घरात दुसरं कुणी करणारं नाही, तुम्ही सांगा, मी करते. तेव्हापासून ते सांगतात आणि मी करते. मुलीने फोन धरला. ताम्हण, काळे तीळ, दर्भ, पाणी. यजमानांचं झालं, सासू-सासऱ्यांचं झालं, आई-बाबांचं झालं.

“आणखी कुणी?” गुरुजींनी विचारलं.

“एक बाई आहेत.”

“नाव?”

“नाव नाही.”

“गोत्र?”

“ठाऊक नाही.”

गुरुजी स्क्रीनवर जरा पुढे वाकले. “आपल्या कोण लागतात, ताई?”

“कुणी नाही. इथल्याच, गावातल्या. जाऊन चारशे वर्षं झाली.”

“त्यांच्या मागे कुणी केलं नाही का त्यांचं?”

“करायला बंदी होती, गुरुजी.”

मुलीचा हात अवघडला असणार, फोन किंचित हलला, पण तिने तो खाली घेतला नाही.

“गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात,” गुरुजी म्हणाले. “हात पुढे घ्या. मी म्हणतो तसं म्हणा. आणि नावाच्या जागी आलात की क्षणभर थांबा. ज्याला कळायचं त्याला कळेल.”

मी तीळ घेतले. काश्यप गोत्र म्हटलं. नावाच्या जागी आले आणि थांबले. मग अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं.